पोटाच्या जुनाट आजारात पोटॅशियम कसं सांभाळायचं

रक्ताच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम कमी दिसलं की भेटेल तो एकच सल्ला देतो: केळी खा. सल्ला खोटा नाही. पण ज्याला क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस (दोन्ही आतड्याच्या जुनाट सुजेचे आजार) आहे, ज्याच्या आतड्याचा भाग काढलेला आहे, ज्याच्या पोटावर स्टोमाची (शौच बाहेर यावं म्हणून शस्त्रक्रियेने केलेल्या वाटेची) पिशवी आहे किंवा जो महिनोन्‌महिने जुलाब-उलट्यांनी बेजार आहे, त्याचं नुसत्या केळ्यांनी भागत नाही. अशा माणसाच्या खाण्यात पोटॅशियम कमी असतंच असं नाही. बऱ्याचदा ते शरीरातून बाहेर जात असतं, आणि ते जाणं थांबत नाही तोवर कितीही खाल्लं तरी आकडा जागचा हलत नाही.

म्हणून इथे क्रम असा ठेवलाय: आधी आकडा नीट वाचायचा, मग पोटॅशियम कुठून जातंय ते शोधायचं, मग मीठ-पाणी सावरायचं आणि त्यानंतर जेवणाकडे वळायचं. नुकतंच निदान झालेल्यांनी हा क्रम मोडू नये असं मला मनापासून वाटतं. पोटॅशियम कमी झालं तरी हृदयाला धोका असतो आणि जास्त झालं तरी हृदयालाच, त्यामुळे इथे अंदाजपंचे काही करण्याची सोय नाही.

थोडं आधी समजून घेऊ. शरीरातलं सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. रक्ततपासणीत दिसतं ते उरलेल्या २ टक्क्यांतलं. पेशीच्या आतल्या आणि बाहेरच्या प्रमाणातल्या या फरकावर नसांचे संदेश, स्नायूंचं आकुंचन आणि हृदयाचे ठोके चालतात. आतड्याची भिंतही स्नायूचीच आहे. पोटॅशियम फार उतरलं की आतडं मंदावतं, पोट फुगतं, शौचाला होत नाही, आणि माणसाला वाटतं की मूळ आजारानेच पुन्हा उचल खाल्ली. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या तीव्र झटक्यात तर पोटॅशियम उतरल्यामुळे मोठं आतडं धोकादायकरीत्या फुगायला हातभार लागू शकतो. अशा रुग्णाला दाखल केल्यावर डॉक्टर पोटॅशियम वारंवार का तपासतात, याचं हे एक महत्त्वाचं कारण.

पायरी १: आकडा नीट वाचा

रिपोर्टवर ‘सीरम पोटॅशियम’ असं लिहिलेलं असतं. एकक मिलिमोल प्रति लिटर असो की मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर, पोटॅशियमच्या बाबतीत दोन्हींचा आकडा एकच. प्रौढांसाठी साधारण ३.५ ते ५.० ही मर्यादा धरतात. प्रयोगशाळेगणिक ती किंचित बदलते, म्हणून तुमच्या रिपोर्टवर छापलेली मर्यादाच ग्राह्य धरा. ३.० ते ३.५ म्हणजे सौम्य कमतरता, २.५ ते ३.० मध्यम, २.५ च्या खाली गंभीर. वरच्या बाजूला ५.५ ओलांडलं की लक्ष द्यावंच लागतं आणि ६ च्या पुढे गेलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

आता एक गोष्ट, जी नव्या रुग्णांना क्वचितच कुणी सांगतं. जास्त आलेला आकडा कधी कधी खरा नसतो. रक्त काढताना दंडाचा पट्टा बराच वेळ घट्ट राहिला, शीर सापडावी म्हणून मूठ पुन्हापुन्हा आवळायला लावली किंवा नमुना प्रयोगशाळेत पोचायला उशीर झाला, तर लाल पेशी फुटून किंवा स्नायूंतून सुटून पोटॅशियम नमुन्यात उतरतं. पेशी फुटल्या असतील तर रिपोर्टवर ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा असतो, तो शोधा. आतड्याच्या सुजेत आणखी एक भर पडते: सूज असताना प्लेटलेट वाढतात, आणि नळीत रक्त गोठताना त्या प्लेटलेटमधूनही पोटॅशियम बाहेर येतं. त्यामुळे पुढच्या वेळी मूठ सैल ठेवा, पट्टा फार वेळ राहिला तर सांगा, आणि प्लेटलेट जास्त असतील तर ते डॉक्टरांच्या नजरेला आणून द्या. आकडा खोटा आहे असं मात्र स्वतःच ठरवून टाकायचं नाही. फेरतपासणी लगेच करून घ्यायची.

एकट्या पोटॅशियमच्या आकड्यावरून फारसं काही ठरत नाही. त्याच नमुन्यात सोडियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) आणि बायकार्बोनेट (रक्ताची आम्लता सावरणारा क्षार) पाहता येईल का, हे विचारा. मॅग्नेशियम बहुतेक ठिकाणी नेहमीच्या तपासणीत नसतं, ते वेगळं लिहून घ्यावं लागतं. पोटाच्या रुग्णांनी ते आग्रहाने लिहून घ्यावं. कारण पुढच्या पायरीत येईल.

पुढचं वाचत बसण्याआधी: छातीत धडधड होऊन ठोके चुकल्यासारखे वाटत असतील, चक्कर येऊन शुद्ध हरपत असेल, हातपाय उचलवत नाहीत इतका अशक्तपणा असेल, श्वास घ्यायला जड जात असेल किंवा पोट फुगून वारा-शौच दोन्ही बंद झालं असेल, तर आहाराचा विचार नंतर करा. आधी रुग्णालयात जा आणि ईसीजी काढायला सांगा.

पायरी २: पोटॅशियम कुठून जातंय ते शोधा

निरोगी माणसाच्या शौचातून दिवसाला जेमतेम १० मिलिमोल, म्हणजे सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम जातं. बाकीचं जवळपास सगळं मूत्रपिंड बाहेर टाकतं. जुलाब वाढले की हा हिशोब बिघडतो. पातळ शौचातून पोटॅशियम जातं, सोबत बायकार्बोनेटही जातं आणि रक्ताची आम्लता वाढते.

उलट्यांचं तसं नाही. जठररसात पोटॅशियम फार नसतं, लिटरमागे ५ ते १० मिलिमोल इतकंच. तरीही सतत उलट्या होणाऱ्याचं पोटॅशियम झपाट्याने उतरतं, कारण उलटीबरोबर आम्ल आणि पाणी जातं, शरीर मीठ-पाणी धरून ठेवण्यासाठी अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक सोडतं, आणि सोडियम राखण्याच्या बदल्यात मूत्रपिंड पोटॅशियम लघवीत सोडून देतं. उलटी तोंडावाटे होत असली तरी पोटॅशियम लघवीवाटे जात असतं. इलिओस्टॉमी, म्हणजे लहान आतड्याच्या टोकाचा स्टोमा असलेल्यांच्या बाबतीतही बरंचसं असंच घडतं. पिशवीत जमणाऱ्या द्रवात लिटरमागे सोडियम १०० मिलिमोलच्या आसपास असतं, पोटॅशियम फक्त ५ ते १५. म्हणजे पिशवीतून खरं तर मीठ जातं, आणि त्या मिठाच्या तुटवड्यापायी पोटॅशियम लघवीतून जातं.

आता मॅग्नेशियम. पेशीत पुरेसं मॅग्नेशियम नसलं की मूत्रपिंडातल्या ज्या मार्गांनी पोटॅशियम बाहेर पडतं ते उघडे राहतात. मग केळी खा, सिरप प्या, सलाइनमधून द्या. आकडा थोडा चढतो आणि पुन्हा घसरतो. जुनाट जुलाब, लहान आतड्याचा मोठा भाग काढलेला असणं, आणि ओमेप्रॅझोल-पॅन्टोप्रॅझोलसारख्या अॅसिडिटीच्या गोळ्या दीर्घकाळ घेणं या तिन्हींमुळे मॅग्नेशियम उतरू शकतं. पोटाच्या रुग्णात यातल्या दोन गोष्टी एकत्र असणं मुळीच दुर्मिळ नाही. पोटॅशियम वारंवार कमी येत असेल आणि मॅग्नेशियम एकदाही तपासलं नसेल, तर पहिलं काम तेच.

औषधांची यादी काढून बसा. प्रेडनिसोलोन, हायड्रोकॉर्टिसोन यांसारखी स्टेरॉइड, लघवी वाढवणाऱ्या बहुतेक गोळ्या आणि पोट साफ करणारी औषधं पोटॅशियम उतरवतात. ज्येष्ठमधही. जठराला थंडावा म्हणून ते बरेच जण रोज घेतात, पण त्यातला ग्लिसिरायझिन हा घटक शरीरात अल्डोस्टेरॉन वाढल्यासारखा परिणाम घडवतो: पोटॅशियम जातं, रक्तदाब चढतो. दुसऱ्या बाजूला सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस, स्पायरोनोलॅक्टोन, एनालाप्रिल-रॅमिप्रिल किंवा लोसार्टन-टेल्मिसार्टन या जातीच्या रक्तदाबाच्या गोळ्या, को-ट्रायमोक्साझोल आणि आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं पोटॅशियम चढवतात. यांतलं काही चालू असेल तर ‘पोटाचा रुग्ण म्हणजे पोटॅशियम कमीच असणार’ हे गृहीत धरू नका.

आणखी एका गटाचा पोटॅशियमवर परिणाम होत नाही, पण पोटॅशियम कमी असताना तो जोखमीचा ठरतो. ऑन्डान्सेट्रॉन आणि डॉम्पेरिडोन ही उलटी-मळमळीची औषधं, तसंच अझिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविकं हृदयाच्या ठोक्यांची विद्युत लय लांबवू शकतात, आणि कमी पोटॅशियम-मॅग्नेशियममध्ये हा धोका वाढतो. उलट्या होत असताना नेमकी हीच औषधं दिली जातात. ‘माझं पोटॅशियम मागे कमी आलं होतं’ एवढं एक वाक्य औषध लिहून देणाऱ्याला सांगा.

मूळ सूज आटोक्यात आणणं हा पोटॅशियम सांभाळण्याचा सर्वांत मोठा उपाय आहे. आहाराने वेळ निभावता येते, पण आजाराचा उपचार टाळून आहारावर सगळी मदार ठेवू नका.

पायरी ३: आधी मीठ आणि पाणी

शरीर कोरडं पडलेलं असेल तोवर मूत्रपिंड पोटॅशियम सोडतच राहणार. म्हणून जुलाब किंवा पिशवीतला स्राव वाढलेला असताना पहिला उपाय ओआरएस. २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीचं जे मिश्रण आहे, त्यात लिटरमागे सोडियम ७५ मिलिमोल, ग्लुकोज ७५ आणि पोटॅशियम २० मिलिमोल असतं. ग्लुकोज आणि सोडियम आतड्यात जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. त्यातल्या साखरेचं काम गोडीचं नाही, हे लक्षात घेतलं की पाकिटाचं प्रमाण का बिघडवायचं नाही ते कळतं. पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर मोजून एक लिटर पाणी घ्या, अर्ध्या पाकिटाचा पेला बनवू नका, वरून साखर किंवा सरबताचं पाकीट घालू नका. गार करून, घोट घोट, दिवसभरात विभागून प्यायलं की मळमळ कमी होते. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या.

स्टोमातून दिवसाला दीड-दोन लिटरच्या वर स्राव येत असेल तर साधं पाणी, चहा, सरबत ढोसून उपयोग होत नाही. उलट नुकसान होतं. बिनमिठाचं पाणी लहान आतड्यात आलं की शरीर त्यात सोडियम सोडतं आणि ते पिशवीत वाहून जातं. तहान भागत नाही, पिशवी मात्र भरते. अशा वेळी डॉक्टर साध्या द्रवांवर मर्यादा घालतात आणि लिटरला ९० मिलिमोल किंवा जास्त सोडियम असलेलं द्रावण देतात. ते प्रमाण त्यांच्याकडूनच ठरवून घ्या.

शहाळ्याच्या पाण्याबद्दल नेहमी विचारलं जातं. त्यात १०० मिलिलिटरला साधारण २५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, म्हणजे भरपूर. पण सोडियम कमी असतं, त्यामुळे जुलाबात ते ओआरएसची जागा घेऊ शकत नाही. मूत्रपिंड ठीक असेल आणि पोटॅशियम कमी असेल तर ओआरएसच्या जोडीला अधूनमधून चालेल. फळांच्या रसांबाबत मी जास्त सावध राहीन. त्यातली साखर आतड्यात पाणी खेचते आणि जुलाब वाढवते.

मूत्रपिंड किंवा हृदय अशक्त असलेल्यांनी ओआरएस किती प्यायचं हेही विचारूनच ठरवावं.

पायरी ४: जेवणात काय आणि किती

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस निरोगी प्रौढांसाठी दिवसाला किमान ३,५१० मिलिग्रॅम पोटॅशियमची आहे. अमेरिकेत २०१९ मध्ये ठरवलेला आकडा स्त्रियांसाठी २,६०० आणि पुरुषांसाठी ३,४०० आहे. तुमचं लक्ष्य यापेक्षा वेगळं असू शकतं, पण अंदाज यावा म्हणून हे हाताशी असू द्या.

आजार उसळला की आपण जे ‘पोटाला सोसणारं’ म्हणून खातो, त्यात पोटॅशियम जवळपास नसतंच. शिजलेल्या पांढऱ्या भातात १०० ग्रॅममागे फक्त ३५ मिलिग्रॅम. टोस्ट, बिस्किटं यांचीही फार वेगळी कथा नाही. सफरचंदात शंभराच्या आसपास. आठवडाभर एवढ्यावरच राहिलं तर जुलाब थांबले तरी पोटॅशियम खालीच राहतं. भात सोडायची गरज नाही. त्याच्या सोबतीला काय आहे ते पाहायचं.

१०० ग्रॅममागे पोटॅशियमचे ढोबळ आकडे, मिलिग्रॅममध्ये, असे. पिकलेलं केळं ३६०, म्हणजे एका मध्यम केळ्यात ४२० च्या आसपास. उकडलेला सोललेला बटाटा ३३०. शिजलेली मसूर ३७०, राजमा ४००. शिजवलेला पालक ४६५. भोपळा आणि गाजर शिजवून साधारण २३०, टोमॅटो २३५, संत्रं १८०. साधं दही १५५, दूधही तितकंच. मासे जातीनुसार ३०० ते ४५०, कोंबडी २५०, अंडं १३० च्या आसपास. सुकामेव्यात सगळं एकवटलेलं असतं: मनुका ७५०, सुके जर्दाळू ११०० च्याही वर.

यादीत सगळ्यात वरच्या वस्तू तुमच्यासाठी सगळ्यात चांगल्या असतील असं नाही. पोटाच्या रुग्णाला इथेच स्वतःचा आजार ओळखून निवड करावी लागते.

जुलाब चालू असताना सालं, बिया, अख्ख्या डाळी, कच्च्या पालेभाज्या आणि सुकामेवा बाजूला ठेवा. पिकलेलं केळं, कुस्करलेला बटाटा, भोपळ्या-गाजराचं गाळलेलं सूप, मऊ मासा, अंडं, दही यांवर भर द्या. सूप करताना भाजी शिजवलेलं पाणी फेकू नका. पोटॅशियम पाण्यात विरघळतं, उकळताना भाजीतून बरंचसं त्या पाण्यातच उतरतं, आणि ते पाणी वाटीत आलं तर पोटॅशियमही वाटीत येतं. सूपमध्ये मीठ नीट घाला. तुम्हाला तेही हवं आहे.

एक दिवस मोजून दाखवते. एक केळं ४२०, दोनशे ग्रॅम उकडलेला बटाटा ६५०, दीडशे ग्रॅम मासा ५००, दोनशे ग्रॅम दही ३१०, दोनशे ग्रॅम भोपळ्याचं सूप त्याच्या पाण्यासकट ४६०, आणि अर्धा लिटर ओआरएसमधून ३९०. बेरीज २,७३०. एकही साल, बी किंवा पालेभाजी न खाता इतकं जमतं. मासे-अंडी न खाणाऱ्यांना मऊ शिजवून गाळलेल्या, सोललेल्या डाळीने ती जागा भरता येते. आधी चार चमचे खाऊन पोट काय म्हणतं ते पाहा, मग वाढवा. हे सगळं दोन वेळच्या जेवणात कोंबण्यापेक्षा पाच-सहा लहान खाण्यांत वाटलं तर आतड्यालाही झेपतं.

आतडं कुठे अरुंद झालेलं असेल तर आजार शांत असतानाही तंतुमय भाज्या, फळांच्या साली, संत्र्याच्या फोडींवरची पापुद्री, अख्खे दाणे अडकू शकतात. मिक्सरमधून काढून, गाळून घ्या. पोटॅशियम गाळणीत अडकत नाही.

दूध सोसत नसेल तर दही बहुतेकांना चालतं. लॅक्टोजमुक्त दुधातही पोटॅशियम साध्या दुधाइतकंच असतं.

पालकाबद्दल वेगळं सांगायला हवं. क्रोन्समध्ये लहान आतड्याचं शेवटचं टोक आजारी किंवा काढलेलं असेल आणि मोठं आतडं जागेवर असेल, तर न पचलेली चरबी कॅल्शियमला धरून बसते आणि मोकळं राहिलेलं ऑक्झलेट मोठ्या आतड्यातून रक्तात जातं. त्यातून मूत्रपिंडात खडे होतात. पालक, बीट, बदाम यांत ऑक्झलेट भरपूर असतं. अशा रुग्णाने पोटॅशियमसाठी पालकावर विसंबू नये. बटाटा, केळं, दही यांनी काम भागतं.

आणि जेवणाची मर्यादाही ओळखून राहा. रक्तातला आकडा ४ वरून ३ वर येतो, तेव्हा साऱ्या शरीरातली तूट २०० ते ४०० मिलिमोलच्या घरात असू शकते. एका केळ्यात सुमारे ११ मिलिमोल. कमीत कमी तूट धरली तरी अठरा-एकोणीस केळी झाली, आणि यात रोजची गरज किंवा चालू असलेले जुलाब धरलेलेच नाहीत. सौम्य कमतरता भरून काढायला आणि ती पुन्हा होऊ नये म्हणून आहार उत्तम. ३ च्या खाली औषध लागतंच, तिथे केळ्यांवर दिवस घालवू नका.

पायरी ५: आकडा वरच्या बाजूला असेल तर

पोटाच्या जुनाट आजारात मूत्रपिंडही दमू शकतं: वारंवार शरीर कोरडं पडल्याने, खड्यांनी, काही औषधांनी. मूत्रपिंड मंदावलं की पोटॅशियम साचतं, आणि मग वरचा सगळा सल्ला उलटा होतो. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर पायरी ४ मधलं काहीही डॉक्टरांशी किंवा आहारतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय करू नका.

सगळ्यात आधी स्वयंपाकघरातलं मीठ पाहा. ‘कमी सोडियम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात सोडियम क्लोराइडच्या काही भागाऐवजी पोटॅशियम क्लोराइड असतं. शुद्ध पोटॅशियम क्लोराइडचा निम्म्याहून थोडा अधिक भाग पोटॅशियमचा असतो. पाव चमच्यातच सहाशे मिलिग्रॅमच्या पुढे. तुमची औषधं पोटॅशियम चढवणारी असतील तर हे मीठ घरात नकोच. घरच्यांनाही सांगून ठेवा, कारण रक्तदाबासाठी चांगलं म्हणून ते दुसरंच कुणी आणून ठेवतं. पाकीटबंद पदार्थांच्या मागच्या यादीतही ‘पोटॅशियम’ने सुरू होणारी नावं शोधायची सवय लावा.

बटाटा सोडायची वेळ बहुधा येत नाही, पण तो शिजवण्याची पद्धत बदलावी लागते. नुसता रात्रभर पाण्यात भिजवला की पोटॅशियम निघून जातं, हा समज सोडून द्या; तसं फारसं काही निघत नाही. सोलून लहान तुकडे करा, भरपूर पाण्यात उकळा आणि पाणी ओतून टाका. साधारण निम्मं पोटॅशियम जातं. किसून उकळला तर त्याहून बरंच जास्त जातं, फक्त चव आणि पोत दोन्ही उतरतात. वाफवणं, भाजणं, मायक्रोवेव्ह यांत पोटॅशियम आतच राहतं. इथे सूपचं पाणी प्यायचं नाही. भात, सफरचंद यांसारख्या वस्तू, ज्यांची वर तक्रार केली, त्या या अवस्थेत उपयोगी ठरतात.

बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. मूत्रपिंड कमजोर असताना मोठं आतडं पोटॅशियम बाहेर टाकण्याचा बराच भार उचलतं, आणि शौच तुंबलं की तो मार्गही अडतो.

पायरी ६: गोळी, सिरप आणि तुमचं आतडं

पोटॅशियमच्या गोळ्या दुकानातून स्वतःच्या मनाने आणायच्या नाहीत. पोटाच्या रुग्णाला याची दोन कारणं आहेत. हळूहळू विरघळणारी गोळी अरुंद आतड्यात किंवा मंद चालणाऱ्या जठरात एका जागी अडकली तर तिथल्या अस्तराला व्रण पडू शकतो. आणि आतडं आखूड असेल किंवा स्राव वेगाने वाहत असेल तर तीच गोळी पूर्ण विरघळण्याआधी पिशवीत येऊन पडते. पिशवीत किंवा शौचात गोळी दिसली तर टिपून ठेवा आणि सांगा. कधी कधी औषध निघून गेलेलं नुसतं कवच असतं, कधी पूर्ण गोळीच वाया गेलेली असते. तुमच्या शस्त्रक्रियेची आणि अरुंद भागांची माहिती डॉक्टरांना असेल तर ते बहुधा सिरप निवडतात. ते पाण्यात भरपूर पातळ करून, खाण्यानंतर, सावकाश घ्यायचं. चव वाईटच असते. गार पाण्याने थोडी सुसह्य होते.

कोणता क्षार द्यायचा हेही गळतीवर अवलंबून असतं. उलट्यांनंतर क्लोराइडही भरून काढायचं असतं म्हणून पोटॅशियम क्लोराइड. जुलाबांनी रक्त आम्लधर्मी झालेलं असेल तर डॉक्टर कधी सायट्रेट देतात. एकाला दिलेली बाटली दुसऱ्याने वापरू नये ते यामुळेच.

मॅग्नेशियम तोंडाने घेतल्यावर जुलाब वाढू शकतात. वाढले तर बंद करून गप्प बसू नका, दुसरा क्षार किंवा शिरेतून देण्याचा पर्याय असतो.

पायरी ७: दोन नाजूक प्रसंग, आणि वही

कोलोनोस्कोपीच्या (दुर्बिणीने मोठं आतडं तपासण्याच्या) आधी पोट साफ करण्याचं औषध घेताना काही तासांत भरपूर पाणी आणि क्षार जातात. ज्यांचं पोटॅशियम आधीच काठावर आहे, त्यांनी तारीख ठरवतानाच आठवडाभर आधीचा ताजा आकडा दाखवावा आणि कोणतं औषध, सोबत काय प्यायचं हे लिहून घ्यावं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या त्या दिवशी घ्यायच्या की नाहीत तेही विचारावं.

दुसरा प्रसंग जास्त गंभीर. आजारामुळे पाच दिवस किंवा त्याहून जास्त जवळपास काहीच खाल्लेलं नसेल, वजन खूप उतरलं असेल, आणि मग भूक लागून एकदम पोटभर जेवण झालं, तर वाढलेलं इन्सुलिन रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फेट आणि मॅग्नेशियम पेशींत ढकलतं. रक्तातली पातळी काही तासांत ते काही दिवसांत कोसळू शकते. उपासमारीनंतर माणूस जेवायला लागला म्हणून घरच्यांना आनंद होतो, तो स्वाभाविकच आहे, पण अशा माणसाला जेवण थोड्यापासून सुरू करून, रक्त तपासत, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवावं लागतं. इतके दिवस खाणं बंद राहिलं असेल तर पहिला घास घेण्याआधी फोन करा.

फेरतपासणी कधी, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. औषध नव्याने सुरू झालं, डोस बदलला, जुलाब पुन्हा वाढले किंवा स्टेरॉइड सुरू झालं, की ठरलेल्या तारखेची वाट न पाहता विचारा. त्यासाठी एक छोटी वही ठेवा: रोज किती वेळा आणि किती पातळ शौच झालं किंवा पिशवीतून किती मिलिलिटर आलं, उलट्या, लघवीचं प्रमाण, सकाळचं वजन, ओआरएस किती प्यायलात, पायात गोळे किंवा धडधड. मागच्या पानावर पोटॅशियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिनचे आकडे तारखेसह एकाखाली एक. आतड्याचा कोणता भाग काढलाय आणि कुठे अरुंद आहे तेही त्याच पानावर. नवीन डॉक्टरकडे किंवा तातडीच्या विभागात जाल तेव्हा ते पान आधी पुढे करा, आणि औषधांची पाकिटं पिशवीत घालून सोबत न्या, ज्येष्ठमधाच्या डबीसकट.